आधी टाका, मग कात्री

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘आम्ही बारा जणांनी वर्षभर काय केलं’. उत्तर एका वाक्यात सांगता येतं. व्यासपीठाच्या टेबलावर जो पांढरा रनर पसरलेला दिसतो आहे, तो आम्ही केला. उरलेली एकोणीस मिनिटं मात्र मी सोडणार नाही. शाळेत असताना मला बोलू दिलं नव्हतं, त्याची वसुली आज आहे.

सुरुवातीलाच सांगते, या भाषणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. एक म्हणजे, नावं घ्यायला लागलं की एखादं राहतंच, आणि मग पुढचा स्नेहमेळावा होईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. दुसरं कारण पुढे कळेल.

या कामाला हार्डांगर म्हणतात. हार्डांगर हा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा भाग. तिथे समुद्र डोंगरांमधून आत घुसतो आणि जवळजवळ १८० किलोमीटर आत जातो. त्याला ते फ्योर्ड म्हणतात, आपण खाडी म्हणू. काठावर सफरचंदांच्या बागा, आणि या काठावरून त्या काठावर जायला फेरीबोट. आपल्यातली जी मैत्रीण गोराई गावातून रोज खाडी ओलांडून शाळेत यायची, ती हे वर्णन ऐकून म्हणाली, ‘म्हणजे आमचं गावच की, फक्त थंडी जास्त!’ तिची होडी चुकली की तिचा पहिला तास चुकायचा, हे अनेकांना आठवत असेल.

तर या खाडीकाठच्या बायकांनी पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने करायचं हे भरतकाम वाढवलं आणि त्यांच्या भागाचं नाव त्याला चिकटलं. त्याची मुळं त्याहून जुनी आणि बरीच पूर्वेकडची, इराणकडची असावीत, असंही सांगितलं जातं. तिथल्या पारंपरिक पोशाखाला बुनाद म्हणतात. हार्डांगरच्या बुनादवर पुढे एक पांढरा एप्रन बांधतात आणि त्याच्या खालच्या बाजूला या कामाचा रुंद पट्टा असतो. १७ मे हा त्यांचा संविधान दिन, १८१४ सालापासूनचा. त्या दिवशी रस्तेच्या रस्ते अशा पोशाखांनी भरतात. उत्ने नावाच्या छोट्या गावात १९११ साली सुरू झालेलं एक लोकसंग्रहालय आहे, तिथे असली जुनी कामं जपून ठेवली आहेत. नॉर्वेतून जे लोक अमेरिकेत स्थलांतरित झाले, त्यांच्या पेट्यांतून ही कला तिकडेही गेली.

आणि गोराईत कशी आली? तीही एका पेटीतूनच. आपल्या वर्गातली एक जण लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे बर्गेनला राहते. शेजारच्या आजींकडून ती हे शिकली. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी आली तेव्हा एक छोटा टेबलक्लॉथ घेऊन आली. आम्ही पाच-सहा जणी तिच्या आईच्या घरी बसलो होतो. ती सेक्टरातली जुनी बैठी सोसायटी, मधे अंगण आणि चारी बाजूंनी घरं. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने गोराईत आणि चारकोपला असे छोटे भूखंड आखून दिले, आणि आपल्या आईवडिलांनी जमेल तसा एकेक पत्रा, एकेक भिंत घालून घरं उभी केली. आपल्यापैकी निम्म्या मुलांचा अभ्यास त्या मधल्या अंगणात झाला आणि निम्म्या मुलींचं भरतकामही.

तो टेबलक्लॉथ हातात घेतल्यावर प्रत्येकीने एकच गोष्ट केली. उलटा करून पाहिला. शिवणकामाच्या बाई, ही तुमची शिकवण. तुम्ही आमची नमुन्याची वही कधीच सुलट बघितली नाहीत. ‘मागची बाजू दाखव’ हे तुमचं पहिलं वाक्य. मागे गाठ दिसली की पान परत. या टेबलक्लॉथच्या मागे एकही गाठ नव्हती. त्यामुळे आमचा त्या नॉर्वेच्या आजींबद्दलचा आदर ताबडतोब वाढला.

तिथेच ठरलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, व्हिडिओवर एक पाठ. तिकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात साडेबारा. एका महिन्यात एकच गोष्ट शिकायची. ती महिनाभर करायची, फोटो टाकायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत पुढची गोष्ट विचारायचीसुद्धा नाही. जून २०२४ ते मे २०२५, बारा महिने. सुरुवात केली तेव्हा आम्ही एकोणीस जण होतो. दिवाळीपर्यंत बारा उरलो. जे सात सुटले त्यांना कुणी काही बोललं नाही. त्यांतल्या दोघींच्या मुलांची दहावी-बारावी होती, एकीच्या सासूबाई आजारी होत्या. बाकीच्यांनी खरं कारण सांगितलं, मोजायचा कंटाळा.

मोजण्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळं काम त्यावरच उभं आहे.

आपण शाळेत केसमेंटच्या कापडावर भरायचो. कार्बन पेपर ठेवून फूल उतरवायचं आणि त्या रेषेवर साखळी टाका, गहू टाका, काश्मिरी टाका. रेषा दिसत असते, सुई तिच्यामागे जाते. हार्डांगरमध्ये रेषा नसतेच. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. त्यासाठी कापडाची वीण उघडी, सरळ, डोळ्यांना दिसेल अशी लागते. नॉर्वेचं मूळ कापड दोन-दोन धाग्यांच्या जोडीने विणलेलं असतं, इंचाला बावीस जोड्या. आपल्याकडे त्याचं चुलत भावंडं आहे, ते म्हणजे मॅटी. क्रॉस स्टिचसाठी आपण वापरतो तीच. मंगलदास मार्केटमध्ये आम्ही पट्टी घेऊन गेलो. दुकानदाराला वाटलं कपाट करायचं आहे. इंचभर जागा आखून उभे किती, आडवे किती, हे मोजत होतो. दोन्ही आकडे सारखे आले तरच कापड घ्यायचं. नाहीतर एका बाजूला वीस आणि दुसऱ्या बाजूला अठरा असले, तर कितीही नीट मोजा, चौकोन लांबटच होतो. चौथ्या दुकानात हवं ते मिळालं. सगळ्यांसाठी एकाच ठाणातलं घेतलं. दोरा अँकरचा, पर्ल कॉटन. पाच नंबर जाड, आठ नंबर बारीक. सुई बोथट टोकाची, म्हणजे धागा चिरत नाही, दोन धाग्यांच्या मधूनच जाते.

पहिला पाठ म्हणजे क्लोस्टर. नॉर्वेच्या भाषेत क्लोस्टर म्हणजे मठ. शेजारीशेजारी पाच सॅटिनचे टाके, प्रत्येक टाका चार धाग्यांवरून. पाच टाक्यांच्या मधे किती धागे बसतात? चार. हे समजावून सांगायला बर्गेनवालीने पडद्यासमोर पंजा धरला. बोटं पाच, बोटांमधल्या फटी चार. त्या दिवसापासून आमच्यातल्या कुणालाही ते पुन्हा सांगावं लागलं नाही.

जून आणि जुलै, दोन महिने फक्त हे ठोकळे. सरळ ओळ, मग जिन्यासारखी तिरकी ओळ, मग कोपरा वळवणं. कोपऱ्यात एकाच भोकातून दोन ठोकळ्यांचे टाके जातात. ऑगस्टमध्ये चार बाजू करून चौकट बंद करायची. सुरुवात केली तिथेच शेवटचा टाका येऊन मिळाला पाहिजे. एका धाग्याची जरी चूक झाली असली तरी चौकट बंद होत नाही. ती तुम्हाला सांगते की कुठेतरी मागे मोजायचं चुकलंय. माणसं सांगत नाहीत इतक्या स्पष्ट सांगते.

आमच्या बारा जणांत एक पुरुष आहे. शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना पुठ्ठाकाम अशी वाटणी होती, तेव्हा त्याला सुई मिळाली नाही. आज तो लेथ मशीनवर काम करतो. बायकोने चेष्टेत म्हटलं म्हणून तो पहिल्या रविवारी बसला, आणि त्याची चौकट आमच्या सगळ्यांच्या आधी बंद झाली. का विचारलं तर म्हणाला, ‘कारखान्यात आम्ही आधी दोनदा मोजतो, मग एकदा कापतो.’ चाळिशीचे चष्मे आम्हा सगळ्यांनाच लागले आहेत. त्याने मशीनवरचा दिवा घरी वापरतात तसला, भिंग लावलेला, आम्हाला आणून दिला. पुढचे नऊ महिने पहिल्या रविवारी निम्मे वर्गमित्र त्याच्या घरी दिसायचे, ते त्या दिव्यासाठी. वहिनींच्या कांदेपोह्यांचाही त्यात वाटा होता.

गणपतीनंतर, सप्टेंबरमध्ये कात्री आली.

हार्डांगरमध्ये चांगलं, मजबूत कापड कापायचं असतं. चौकटीच्या आतले धागे चार-चार करून कापून ओढून काढायचे, म्हणजे आत जाळी उरते. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याचा नियम सरळ आहे. क्लोस्टरच्या ज्या बाजूला टाक्यांची टोकं आहेत, तिथेच कापायचं. जिथे टाका आडवा पडलेला आहे त्या बाजूला कात्री न्यायचीच नाही. टोकाशी कापलेला धागा पाच टाक्यांच्या मुठीत पकडलेला असतो, तो कुठेही जात नाही. आणि समोर, त्याच चार धाग्यांच्या दुसऱ्या टोकाला, तसाच दुसरा ठोकळा असला पाहिजे. समोरासमोर दोन मठ, मधे चार धागे. दोन्ही टोकं बांधलेली असतील तरच कापा. हे बघून झालं की मग पुन्हा बघा, आणि मग कापा.

एवढ्यासाठी तीन महिने ठोकळे केले होते. हे आम्हाला सप्टेंबरात कळलं. बर्गेनवालीने जूनमध्येच कात्री हातात दिली असती तर आम्ही सगळ्यांनी मजेत कापलं असतं आणि दोन धुण्यांत त्याचं फडकं झालं असतं. एका महिन्यात एकच गोष्ट हा तिचा नियम जाचक वाटायचा, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

ऑक्टोबरमध्ये दांड्या. धागे काढल्यावर आत चार-चार धाग्यांचे सुटे पट्टे राहतात, लोंबकळणारे. त्यांतले दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला घेऊन, सुई वर-खाली, वर-खाली. खाटेची सुंभ विणताना पाहिलं असेल, तसंच. लोंबणारा पट्टा घट्ट दांडी होतो. नोव्हेंबरमध्ये पारव्याचा डोळा. चार दांड्यांच्या मधल्या रिकाम्या चौकोनात दोऱ्याचे चार फास एकमेकांत अडकवले की मधे एक डोळा उघडतो. दिवाळीच्या फराळाचे फोटो आणि पारव्याचे डोळे एकाच ग्रुपवर एकदम येत होते, त्यामुळे बर्गेनवालीने एका चकलीलाही ‘छान वळलीये’ असा शेरा दिला. डिसेंबरमध्ये कोळ्याचं जाळं.

याच दिवसांत एक वेगळी गोष्ट घडली. आपल्या एका मैत्रिणीचं आजोळ बेळगावकडचं. तिच्या आईने आमचं काम पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि ट्रंकेतून एक जुनं इरकल काढून आणलं. पदरावर कशिदा, म्हणजे धारवाडकडची कसुती. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. आम्ही लहानपणापासून ती लुगडी पाहिलेली, पण त्या दिवशी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिली. तिथेही रेघ नाही, छाप नाही. तीही धागे मोजूनच. गवंती टाका धावदोऱ्यासारखा एकदा जातो आणि राहिलेल्या फटी भरत त्याच वाटेने परत येतो, म्हणून कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या. मुरगी टाकाही तसाच, फक्त जिन्यासारखा. गाठ कुठेच नाही. इंचाला बावीस जोड्या तर सोडाच, लुगड्याच्या त्या बारीक विणीत या बायकांनी चष्म्याशिवाय, कंदिलाच्या उजेडात मोजलं होतं.

काकू एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही कापून जाळी करता, आम्ही न कापता करतो. मोजणं एकच.’

त्या वाक्याने माझ्या मनातली एक बोचणी गेली. आपल्याकडचं सोडून आपण नॉर्वेचं काय शिकत बसलो, असं अधूनमधून वाटायचं. पण हार्डांगर शिकलो नसतो तर कसुती आम्ही कधी मोजून पाहिलीच नसती. ती फक्त ‘आजीचं लुगडं’ राहिली असती. गोराई गावातली आमची मैत्रीणही तेव्हाच म्हणाली की त्यांच्या चर्चमध्ये आल्तारावरचं पांढरं कापड ती लहानपणापासून बघते, इस्त्रीही करते, पण त्यावरची पांढऱ्यावर पांढरी वेल तिने यंदाच पाहिली. डोळे तेच, नजर नवी.

आता या रनरबद्दल सांगते.

डिसेंबरपर्यंत आम्ही सगळे पाठ नमुन्याच्या पट्टीवर केले. जानेवारीपासून प्रत्येकाने शाळेसाठी एकेक चौकोन करायचा, असं ठरलं. नमुना एकच, माप एकच. जानेवारीत ठोकळे, फेब्रुवारीत कापणी, मार्चमध्ये दांड्या आणि डोळे, एप्रिलमध्ये काजटाक्याची कड, मेमध्ये जोडणी. बारा चौकोन, चारच्या तीन रांगा.

कार्यक्रमानंतर टेबलाजवळ या आणि जवळून बघा. अकरा चौकोनांत जाळी आहे. तिसऱ्या रांगेतला दुसरा चौकोन बंद आहे. त्याचे ठोकळे पूर्ण आहेत, कड पूर्ण आहे, आतलं कापड जसंच्या तसं आहे. सकाळपासून चार जणांनी मला हळूच विचारलं, ‘एक राहिला का गं?’ राहिलेला नाही. तो तसाच ठेवला आहे.

तो ज्या मैत्रिणीचा आहे, तिने सांगायची परवानगी दिली आहे, नाव घ्यायची दिलेली नाही. दिवाळीनंतर तिला कॅन्सर असल्याचं कळलं आणि उपचार सुरू झाले. जानेवारीचे ठोकळे तिने केले. जिथे आम्हाला आठवडा लागला तिथे तिला महिना लागला, पण केले. तुम्ही जाऊन बघा, सगळ्या बारा चौकोनांत ते सर्वांत सरळ आहेत. फेब्रुवारीत औषधांमुळे तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. सुई हातात आहे की पडली, हे बघितल्याशिवाय कळेना. अशा हातात टोकदार कात्री घेऊन एका धाग्याच्या अंतरावर कापणं शक्य नव्हतं.

आमच्यातल्या तिघींनी लगेच सांगितलं की तुझा चौकोन आम्ही कापतो, आम्ही विणतो. मीही त्यांतली एक. ती नाही म्हणाली. ‘तुम्ही कापलात तर तो तुमचा होईल. राहू दे. ठोकळे झालेत ना? मग तो कितीही वर्षं थांबू शकतो.’

आणि ते अगदी खरं आहे. ठोकळे घातलेलं पण न कापलेलं हार्डांगर बिघडत नाही, उसवत नाही. धुवा, इस्त्री करा, घडी घाला. दोन्ही टोकं बांधलेली आहेत, ते वाट बघतं. तिने चौकोनाला कडही लावून घेतली, ती मात्र तिने आमच्याकडून करून घेतली, कारण कडेशिवाय तो रनरमध्ये जोडता आला नसता.

पण तिने रविवार सोडले नाहीत. ज्या आठवड्यात इंजेक्शन असेल तो आठवडा जायचा, बाकी ती पडद्यावर असायची, डोक्याला रुमाल बांधून. फेब्रुवारीत तिने एक काम स्वतःकडे घेतलं. कापायच्या आधी प्रत्येकाने आपल्या चौकोनाचा जवळून फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा. ती मोबाइलवर मोठा करून धागे मोजायची आणि ‘काप’ असा निरोप द्यायची. तिचा निरोप येईपर्यंत कुणी कात्रीला हात लावायचा नाही. अकरा चौकोन तिने मोजले. त्यांतल्या दोघांना तिने थांबवलं. समोरासमोरचे ठोकळे एका धाग्याने सरकले होते, ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, लेथवाल्याच्याही नाही. एकीला ओळ उसवून पुन्हा घालायला लावली. म्हणजे टेबलावर जी जाळी आहे, ती कापली आम्ही, पण तिच्या परवानगीशिवाय त्यातला एकही धागा कापलेला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी रनर घेऊन शिवणकामाच्या बाईंकडे गेलो होतो. बाईंनी काय केलं असेल, ते तुम्हाला माहीतच आहे. आधी उलटा केला. टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवत गेल्या. त्या चौकोनावर बोट थांबलं. आम्ही सगळं सांगितलं. बाईंनी पुन्हा एकदा त्या ठोकळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘पाया पक्का आहे. तिला सांगा, कात्रीला घाई नाही.’

बाई, निरोप पोचवला आहे. तिचे उपचार संपले आहेत. डॉक्टर म्हणतात की बोटांतली जाणीव पुष्कळांना हळूहळू परत येते, वेळ लागतो. ती आज या सभागृहात आहे. कृपा करून मागे वळून शोधू नका, तिला ते आवडणार नाही. तिची एक अट मात्र आहे. रनर शाळेला द्यायचा, पण तिच्या चौकोनासकट, आणि ज्या दिवशी तिला जमेल त्या दिवशी ती शाळेत येऊन तो कापणार. मुख्याध्यापक महोदय, आपण ही अट मान्य केली, याबद्दल आम्ही सगळे आभारी आहोत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा मागणीचा आहे.

मुलींना शिवण-भरतकाम शिकवण्यामागे एके काळी मोठा विचार होता. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं, तेव्हा शिवणाचे वर्ग हा बायकांच्या स्वतःच्या कमाईचा रस्ता होता. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव शाळेच्या शिक्षणाचा भाग असावा असं सांगितलं, आणि त्याच कार्यानुभवाच्या तासाला आपण केसमेंट घेऊन बसायचो. आज तो तास बहुतेक ठिकाणी कागदावरच उरला आहे. मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. वेळापत्रकात काय काय बसवावं लागतं, ते शिक्षकच जाणोत.

पण एक नक्की सांगू शकते. वर्षभर आम्ही जे शिकलो, त्यात भरतकाम निम्मंच होतं. एका वेळी एकच गोष्ट शिकणं, पुढची न मागणं, चुकलेलं उसवायला लाज न वाटणं, आणि कापायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी मोजायला देणं, हे बाकीचं निम्मं. हे आम्हाला सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळालं. बारा-तेराव्या वर्षी मिळालं तर त्याचा उपयोग जास्त होईल.

म्हणून आमच्या तुकडीकडून एक प्रस्ताव शाळेकडे दिला आहे. महिन्यातला एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास. सहावी ते आठवीच्या मुली आणि मुलगे, दोघंही. पहिल्या वर्षी वीस मुलं पुरेत. कापड, दोरा, सुया, रिंगा आणि भिंगाचा दिवा, सगळं आम्ही आणू. एका वर्षी कसुती आणि दुसऱ्या वर्षी हार्डांगर. आधी कसुती, कारण मोजायची सवय त्यात लागते आणि कापायचं काही नसतं. दर शनिवारी आमच्यातले दोघं येतील. लेथवाल्याने पहिले तीन शनिवार आत्ताच मागून घेतले आहेत. त्याला मुलग्यांच्या रांगेत बसायचं आहे.

जे सात जण दिवाळीच्या आत सुटले, त्यांनाही सांगते. तुमच्या पट्ट्या तुमच्याकडे असतील. त्यावर जे ठोकळे घातले आहेत ते अजून तसेच आहेत, काही बिघडलेलं नाही. पहिल्या रविवारी पाच वाजता या. दिवा आहे, पोहेही आहेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत. माझ्या बोलण्याची वही शाळेत नेहमी ‘बडबड करते’ या शेऱ्यासकट परत यायची, ते शेरे लिहिणारे सर आज पहिल्या रांगेत हसत आहेत, याचा मला विशेष आनंद आहे.